ट्रॅमविरोधी अर्जावर सही करायच्या आधी: कॅनबेराच्या दक्षिणेकडच्या मराठी मंडळींना खुलं पत्र

मंडळी, नमस्कार.

परवा रात्री आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तो अर्ज आला, "तळ्यापलीकडे ट्रॅम नको, जनतेचा पैसा वाचवा" (म्हणजे उत्तरेकडची ट्रॅम सिटीतून तळं ओलांडून इकडे दक्षिणेला वोडनपर्यंत आणू नका), आणि तासाभरात खाली अंगठ्यांची रांग लागली. एका दादांनी लिहिलं "डन", एका वहिनींनी लिहिलं "आमच्या घरातून दोन", आणि खोटं कशाला बोलू, माझंही बोट गेलंच होतं त्या बटणावर, कारण त्याच दिवशी संध्याकाळी सिव्हिकमधल्या, म्हणजे सिटी सेंटरमधल्या, ट्रॅमच्या खोदकामात मी पाऊण तास अडकले होते आणि घरी येऊन कुकर लावायचा होता. पण सही नाही केली. का नाही केली ते ग्रुपवरच टाइप करायला घेतलं तर एवढं लांबलं की म्हटलं सरळ पत्रच लिहू, ज्याला वाचायचं तो वाचेल, बाकीचे स्क्रोल करतील, राग नाही.

तर मुद्दा असा की आपण सगळे ट्रॅमबद्दल बोलतो ते स्टिअरिंगमागे बसून बोलतो. आणि ह्या शहराचा सगळा प्रॉब्लेमच तो आहे की ते स्टिअरिंगमागे बसलेल्यांसाठी उत्तम आहे आणि बाकीच्यांसाठी शिक्षा आहे.

बाबांची गोष्ट सांगते. तुमच्यातल्या बऱ्याच जणांना माझे आई-बाबा माहितीयत, गणपतीत आरतीला बाबाच सगळ्यात मोठ्याने होते. ते दर दोन वर्षांनी व्हिजिटर व्हिसावर येतात, पाच-सहा महिने राहतात. पहिले पंधरा दिवस मजा, "काय स्वच्छ हवा, काय शांतता", मग ती शांतता अंगावर यायला लागते. आम्ही दोघं ऑफिसला, मुलं शाळेत, आणि हे दोघं खिडकीत. आईला गाडी येत नाही. बाबांनी मुंबईत तीस वर्षं गाडी चालवली पण इथले राउंडअबाउट बघून किल्ली परत दिली, म्हणाले ह्यात एकदा शिरलो की मी बाहेर पडणार नाही. मग मागच्या जुलैत एका रविवारी आम्ही मुलाच्या मॅचला गेलेलो असताना त्यांनी ठरवलं की आपलं आपण जाऊ, बसने वोडनला, तिथून सिटीत. थर्मासमध्ये चहा, पिशवीत चिवडा, आईने कानटोपी घातलेली, असे दोघं स्टॉपवर जाऊन उभे. बस वेळेवर आली. आणि वेळेवर समोरून निघून गेली, कारण इथे हात करावा लागतो हे बाबांना कोणी सांगितलंच नव्हतं (मी सांगायला हवं होतं), स्टॉपवर माणूस उभा आहे म्हणजे बस थांबणारच अशी त्यांची मुंबईची समजूत. पुढची बस? दोन तासांनी. रविवार ना. ते दोघं चालत घरी आले, आणि संध्याकाळी मी विचारलं काय केलं दिवसभर तर म्हणाले काही नाही, जरा पाय मोकळे करून आलो. खरं काय ते आईने चार दिवसांनी सांगितलं.

आता तुम्ही म्हणाल ह्यात ट्रॅमचा काय संबंध, हात नाही केला तर बस जाणारच. बरोबर. चूक बाबांचीच, आणि थोडी माझी. पण त्या चुकीची किंमत दोन तास असावी का? वाशी स्टेशनला एक लोकल चुकली तर माणूस घड्याळसुद्धा बघत नाही.

आणि गंमत म्हणजे हे शहर काही आपोआप वाढलेलं, गल्लीबोळातलं शहर नाही. पहिली रेघ ओढायच्या आधी जगभरातून डिझाइन मागवलेलं शहर आहे हे! १९१२ साली स्पर्धा जिंकली वॉल्टर बर्ली ग्रिफिनने, शिकागोत बसून, जागा न बघता, आणि ती जी सुंदर चित्रं होती प्लॅनची ती काढली त्याची बायको मॅरियन माहोनी हिने (तिचं नाव नेहमी मागे राहतं म्हणून मुद्दाम लिहिते). त्या प्लॅनमध्ये मोठ्या ॲव्हेन्यूंवर ट्रॅम होती. शहराच्या मधून जाणारी रेल्वे पण होती. म्हणजे ट्रॅम हे काही आत्ताच्या सरकारच्या डोक्यातून निघालेलं खूळ नाही, शहराचं नाव ठेवायच्या आधीपासून ती कागदावर आहे. नाव ठेवलं मार्च १९१३ मध्ये.

रेल्वेचं काय झालं ऐका. किंग्स्टनच्या बाजूने मोलाँग्लो नदी ओलांडून सिव्हिकपर्यंत एक लाइन टाकली होती, बांधकामाचं सामान न्यायला म्हणून. १९२२ च्या पुरात नदीवरचा तो लाकडी पूल वाहून गेला, आणि परत बांधलाच नाही. संपलं. एका पुरात गेलेली रेल्वे शंभर वर्षं परत आली नाही, आजही सिडनीहून येणारी ट्रेन किंग्स्टनला एका कोपऱ्यात आणून सोडते, चार तासांच्या वर लावून, आणि तिथून पुढे तुमचं तुम्ही बघा. मी पहिल्यांदा त्या स्टेशनवर उतरले तेव्हा मला वाटलं मधलंच कुठलंतरी स्टेशन आहे, राजधानी पुढे असेल.

बस सुरू झाली १९२६ ला, संसद मेलबर्नहून इकडे यायच्या एक वर्ष आधी. मग मंदी, युद्ध, आणि शहर कितीतरी वर्षं मेंढ्यांच्या माळावर सरकारी ऑफिसं टाकल्यासारखं पडून होतं. खरी वाढ झाली ती पन्नासच्या दशकाच्या शेवटी, वेगळं कमिशन नेमल्यावर, मग वोडन, बेल्कॉनन, वेस्टन क्रीक, टगरनाँग. त्यांनी १९६७ च्या सुमाराला जो आराखडा केला तो इंग्रजी वाय अक्षरासारखा, वरच्या दोन टोकांना बेल्कॉनन आणि गंगालिन, मधे सिटी, खाली देठात वोडन आणि टगरनाँग. आणि त्या वायच्या मधून काय जाणार होतं? सार्वजनिक वाहतूक. जलद, स्वतःच्या वेगळ्या वाटेवरून. मोटारींचे पार्कवे बाहेरच्या कडेने. म्हणजे प्लॅन करणारे लोक येडे नव्हते हो, त्यांना सगळं कळत होतं. फक्त पुढे काय झालं तर बाहेरचे पार्कवे सगळे झाले, गुळगुळीत, आणि मधली ती वेगळी वाट मात्र राहून गेली. आहे ती काही ठिकाणी बसची लेन. ताटातलं लोणचं-पापड वाढून झालं आणि भात वाढणारा गावाला गेला असा प्रकार.

मला हे इतकं लागतं कारण मी स्वतः प्लॅन केलेल्याच शहरात वाढले. वाशीत. सिडको १९७० ला स्थापन झाली, नकाशे सुरेख, सेक्टर, नोड, बागा, रुंद रस्ते, आणि लोकल आली १९९२ ला. बावीस वर्षं. आम्ही गेलो तेव्हा बाबा रोज सकाळी वाशीहून बसने खाडीपूल ओलांडून मानखुर्द, तिथून लोकल पकडून व्हीटी. पुलावर ट्रॅफिक असला की मस्टर गेलं. नातेवाईक दादरहून यायचे नाहीत, "एवढ्या लांब कोण येणार", आजी तर म्हणायची तुम्ही जंगलात राहता. आणि ज्या वर्षी लोकल आली त्या वर्षापासून पाहुणे थांबेनात, आईला फराळाचा डबा भरलेला ठेवावा लागायचा! शहर तेच, घर तेच. त्याही वेळेला म्हणणारे होतेच की वाशीला माणसं किती, रिकाम्या गाड्या पळवणार का. आज सकाळी आठ वाजता वाशीला चढून दाखवा म्हणावं.

कॅनबेराचा ट्रॅमचा पहिला टप्पा झाला तेव्हा मी उत्तरेलाच होते, हॅरिसनमध्ये भाड्याने. (गंगालिनला आपण सगळे गंगा-लीन म्हणायचो, अर्धी दिल्ली, अर्धं हैदराबाद आणि उरलेलं कोथरूड तिथेच राहतं म्हणून.) २०१६ ची निवडणूक जवळजवळ ह्या एकाच विषयावर झाली, विरोधी पक्ष म्हणत होता आम्ही आलो तर करार फाडू, ते आले नाहीत. मग नॉर्थबोर्न ॲव्हेन्यूच्या मधली झाडं तोडली, शेकडो, मला पण वाईट वाटलं, शहरात शिरताना ती झाडंच पहिली दिसायची. दोन-तीन वर्षं धूळ, शंकू, वळसे. आणि २० एप्रिल २०१९, ईस्टरचा शनिवार, ट्रॅम सुरू. गंगालिन ते सिटीतली अलिंगा स्ट्रीट, १२ किलोमीटर, साधारण २५ मिनिटं, गर्दीच्या वेळेला दर सहा मिनिटांनी एक.

ही सहा मिनिटं म्हणजे काय ते सांगते, कारण अर्ज लिहिणाऱ्याला ते कळलेलं नाही. मी त्याआधी बसने जायचे तेव्हा घरातून निघायची वेळ बस ठरवायची. सात छप्पन्नची. सात सत्तावन्नला पोचलं की सकाळ गेली. ट्रॅम आल्यावर मी टाइमटेबल बघायचंच सोडलं, डबा भरायला दोन मिनिटं उशीर झाला तर झाला, स्टॉपवर जायचं आणि येईल ती पकडायची. डब्यात सायकल टांगायला हुक आहेत, बाबागाडी सरळ आत ढकलता येते, एक पायरीसुद्धा नाही. आमच्या शेजारची एक आजी, गुडघ्यांचं ऑपरेशन झालेली, बसची पायरी चढायला घाबरायची म्हणून कुठे जायची नाही, ती ट्रॅम आल्यापासून दर मंगळवारी डिक्सनला नूडल्स खायला जायला लागली. एकटी. ऐंशीच्या पुढची.

आणि बाबा! बाबांचं बालपण दादरचं. त्यांना मी पहिल्यांदा त्या लाल ट्रॅममध्ये बसवलं तेव्हा माणूस पंचाहत्तरीला टेकलेला पण खिडकीची जागा सोडेना. मुंबईची शेवटची ट्रॅम ३१ मार्च १९६४ ला धावली, बोरीबंदर ते दादर, तेव्हा ते तेरा वर्षांचे, मोठ्या भावाबरोबर बघायला गेले होते आणि गर्दीत चप्पल हरवली म्हणून घरी येऊन मार खाल्ला. आण्याचं तिकीट, नंतर नव्या पैशांचं, ड्रायव्हर पायाने घंटा वाजवायचा, पोरं मागून लटकायची, हे सगळं मी शंभर वेळा ऐकलेलं. दादर टी.टी. मधला एक टी ट्रॅमचा आहे हे आजकालच्या मुलांना सांगावं लागतं. तर इथे अलिंगा स्ट्रीटला ट्रॅम सुटताना टण्ण झालं आणि बाबांनी माझा हात धरला, म्हणाले, "वाजवली बघ." बस्स, एवढंच. मग गंगालिनपर्यंत एक शब्द नाही. परत येताना म्हणाले उतरू नको, अजून एक फेरी मारू.

एक योगायोग सांगते, मुंबईची ट्रॅम बंद झाली मार्च १९६४ ला आणि इथलं आपलं हे तळं, लेक बर्ली ग्रिफिन, पूर्ण भरलं एप्रिल १९६४ ला. एका महिन्याचा फरक. एका शहराने ट्रॅम काढून टाकली, दुसऱ्या शहराने ट्रॅमसाठी अडथळा भरून ठेवला, गंमतच आहे.

कारण तळं हीच मेन अडचण आहे ना आता. अलिंगा स्ट्रीटवरून खाली कॉमनवेल्थ पार्कपर्यंतचा तुकडा, त्याला टू-ए म्हणतात, त्याचं काम चालू आहे, २०२८ ला सुरू होईल म्हणतात. लंबाई १.७ किलोमीटर, कराराची किंमत ५७ कोटी ७० लाख डॉलर. आणि आधीचा अख्खा १२ किलोमीटरचा टप्पा झाला होता ६७ कोटी ५० लाखात. हे आकडे अर्जात मोठ्या अक्षरात आहेत आणि ते बरोबर आहेत, मी लपवत नाही, मलाही वाचून घाम फुटला. त्यात पाच नव्या ट्रॅम आहेत, डेपो मोठा करायचाय, जुन्या ट्रॅममध्ये बॅटऱ्या बसवायच्यात कारण अलिंगा स्ट्रीटच्या पुढे डोक्यावर तारा चालणार नाहीत, राजधानीचा देखावा बिघडतो म्हणे. हे सगळं धरूनसुद्धा महाग आहे. मान्य. पण मला एक सांगा, ती १.७ किलोमीटरची शेपटी तळ्याच्या काठावर आणून तिथेच सोडून दिली तर ते ५७ कोटी वाचले का पाण्यात गेले? अर्ज म्हणतो "पैसा वाचवा" आणि मागणी अशी करतो की ज्याने आत्ताच घातलेला पैसा अर्ध्यात बुडेल. विहीर खणायची, पाणी लागायच्या आधी दोन हातांवर थांबायचं आणि म्हणायचं बघा, खड्डाच निघाला.

तळ्याच्या पुढचा भाग, वोडनपर्यंतचा, तो अजून लांब आहे. कॉमनवेल्थ ॲव्हेन्यूच्या दोन पुलांच्या मधून तिसरा पूल बांधायचा, मग संसदेच्या परिसरातून जायचं, तिथे एक खिळा ठोकायचा तरी केंद्राची नॅशनल कॅपिटल ऑथॉरिटी आणि खुद्द संसद, दोघांची मंजुरी लागते. स्थानिक सरकार वेगळं, केंद्राचं वेगळं, आपल्याकडे महापालिका आणि रेल्वे एकमेकांच्या अंगावर नाला ढकलतात तसंच, फक्त इथे सूट घालून आणि विनम्र ईमेल लिहून. २०२४ च्या निवडणुकीत विरोधी पक्षाचं म्हणणं हेच होतं की टू-ए झालं की थांबा. तेव्हाही ते निवडून आले नाहीत.

आता तुमचा सगळ्यात चांगला मुद्दा, जो ग्रुपवर एका काकांनी मांडला आणि कोणी उत्तर दिलं नाही: "वोडनहून आर-४ बस आत्ताच भरभर जाते, ट्रॅम तिच्यापेक्षा सावकाश जाणार, मग उपयोग काय?" काका, हे खरं आहे. आर-४ छान बस आहे, मी रोज त्याच बसने जाते, ॲडलेड ॲव्हेन्यूवर तिला वेगळी लेन आहे, मधे थांबे कमी, सुसाट जाते. ट्रॅम थांबे घेत जाणार, तिला जास्त वेळ लागणार. मी सरकारची प्रवक्ती नाही, हे झाकायचं मला काही कारण नाही. पण म्हणून ट्रॅम नको असं होत नाही, "ट्रॅम आली तरी आर-४ बंद करू नका" असं होतं. हे लिहा ना अर्जात! टगरनाँगहून येणाऱ्या माणसाला वोडनला उतरवून ट्रॅममध्ये कोंबणार असाल तर मी स्वतः पहिली सही करते, पेन माझं. दोन्ही पाहिजेत, लांब जाणाऱ्याला बस आणि मधे मधे चढणाऱ्या-उतरणाऱ्याला ट्रॅम. मुंबईत फास्ट आणि स्लो दोन्ही लोकल असतात, स्लो सावकाश जाते म्हणून कोणी तिच्याविरुद्ध सह्या गोळा करत नाही, विक्रोळीवाल्याला विचारा.

रूटबद्दल पण माझं एक मत आहे. ट्रॅम संसदेभोवतीच्या स्टेट सर्कल रस्त्यावरून नेणं एक आणि शेजारच्या बार्टनमधून फिरवून नेणं दुसरं, ह्या दोन वाटांवरून बराच वाद झालाय इथे. आपल्यातले निम्मे लोक बार्टन आणि पार्क्सच्या ऑफिसांत काम करतात. तिथे २०१४ च्या सप्टेंबरपर्यंत पार्किंग फुकट होतं, आठवतंय? तेव्हा आपण कोणी बसकडे ढुंकून बघत नव्हतो. पैसे लागायला लागल्यावर एकदम सगळ्यांना पर्यावरण आठवलं, मला पण. मला वाटतं ट्रॅम जिथे माणसं उतरणार आहेत तिथूनच जावी, दोन मिनिटं जास्त लागली तरी चालेल. नॅशनल लायब्ररी पण पार्क्समध्येच आहे. बाबांना तिथे दिवस दिवस बसायचं असतं, आणि आत्ता ते माझ्या मीटिंगच्या वेळांवर अवलंबून असतात, मी सोडणार कधी आणि घ्यायला येणार कधी. पंचाहत्तर वर्षांचा माणूस फोन करून विचारतो, "तुला वेळ असेल तर..." हे ऐकून कसंतरी होतं.

आणि फक्त आई-बाबाच नाहीत हो. आपल्या प्रत्येक कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी ग्रुपवर येणारे मेसेज आठवा, "उद्या उत्तरेकडून कोणी येतंय का, दोन सीट पाहिजेत, आम्ही पेट्रोलचे पैसे देऊ". युनिव्हर्सिटीत शिकणारी पोरं ती, दोन दोन नोकऱ्या करतात, गाडी परवडत नाही, आणि दिवाळी फराळाला यायचं तर आधी भीक मागितल्यासारखा मेसेज टाकायचा. मी पण २०११ ला आले तेव्हा पहिलं वर्ष असंच काढलं, लायसन्स नव्हतं, नोकरी नव्हती, नवरा सकाळी गाडी घेऊन जायचा आणि मी पंधरा मिनिटं चालून दुकानात जाऊन परत. रस्त्यावर माणूस नाही, एका बाजूला कांगारू, मी आणि माझी दुधाची बाटली. तेव्हा मला वाटायचं मीच कमी पडते, बाकीच्या बायका कशा मजेत आहेत. नंतर कळलं सगळ्यांचं तेच. ज्या वहिनींनी "आमच्या घरातून दोन" लिहिलं त्यांनी मला एकदा किचनमध्ये भांडी घासताना सांगितलं होतं की पहिल्या हिवाळ्यात त्या रोज दुपारी झोपून काढायच्या कारण जायला जागाच नव्हती. वहिनी, विसरलात का?

मुलांचं तर विचारूच नका. पंधरा वर्षं नऊ महिन्यांना लर्नर्स मिळतं, मग शंभर तासांचं ते लॉगबुक, प्रत्येक तासाला आपण शेजारी ब्रेक दाबल्यासारखा पाय ताणून बसायचं, आणि तोपर्यंत स्विमिंग, ट्यूशन, तबला, मित्राचा बर्थडे, सगळीकडे आई टॅक्सी. माझी मुलगी सोळाची आहे. मुंबईत मी सोळाव्या वर्षी एकटी वाशीहून दादरला क्लासला जायचे, घरी कोणी विचारत नव्हतं कशी गेलीस. इथे तिला सिनेमाला जायचं तर आमच्या दोघांचे कॅलेंडर जुळवावे लागतात.

नॉर्थबोर्नची सरकारी घरं पाडली, तिथल्या गरीब लोकांना शहरभर पांगवलं आणि ट्रॅमच्या काठाने महागडे फ्लॅट उभे राहिले, हा आक्षेप कोणीतरी घेतला असता तर मी मान डोलावली असती, तो खरा आक्षेप आहे. ज्याच्याकडे गाडी नाही तोच ट्रॅमपासून लांब ढकलला गेला. वोडनला आत्ता क्रेनच क्रेन दिसतात, टॉवरवर टॉवर, तिथे हे परत होणार का ह्याबद्दल विचारायला पाहिजे. पण अर्जात त्याचं एक अक्षर नाही. अर्जात आहे "घरांच्या किमतींवर परिणाम" आणि "ट्रॅफिकची गैरसोय". म्हणजे आपली.

म्हणून माझं म्हणणं एवढंच की हा अर्ज राहू दे. लिहायचंच असेल तर दुसरा लिहू, मी ड्राफ्ट करते, इंग्रजी तुम्ही सुधारा. त्यात लिहू की ट्रॅम वोडनपर्यंत आणा, अर्ध्यात सोडू नका, आर-४ हलवू नका, आणि ट्रॅम येईल तेव्हा येईल, पूल व्हायला आठ वर्षं लागोत नाहीतर दहा, पण रविवारची बस त्यासाठी थांबवून ठेवायची गरज नाही, ती पुढच्या टाइमटेबलला अर्ध्या तासावर आणा. अर्धा नाही तर तास तरी. स्टॉपवर शेड नाही तिथे शेड टाका, जुलैच्या वाऱ्यात नुसत्या खांबाला धरून उभं राहायचं म्हणजे काय ते इथल्या लोकांना माहिती आहे. आणि स्टॉपवर मोठ्या अक्षरात लिहा की हात करा, हे फुकटात होण्यासारखं काम आहे.

आणि ज्यांना अजून वाटतं की ट्रॅम म्हणजे नुसती चैन आहे, त्यांनी येत्या रविवारी आमच्याबरोबर या. गाडी घरी ठेवायची, हा नियम. सबर्बातल्या बसने वोडन, आर-४ ने सिटी, अलिंगा स्ट्रीटवरून ट्रॅमने गंगालिन, तिथे डोसा खायचा आणि तसंच परत. आई तिखट-मिठाच्या पुऱ्या करणार आहे, बाबा खिडकीची जागा देणार नाहीत, आधीच सांगते. आमच्या स्टॉपवर बस दहा चाळीसला आहे, पुढची बारा चाळीसला, तेव्हा दहा पस्तीसला हजर राहा आणि बस दिसली की हात करा. बाबा तर दहा वीसपासूनच हात वर करून उभे असतील.

तुमचीच,
वोडनकडची एक आई टॅक्सी